चढण, दाते आणि टायर

मृगाच्या सरी कोसळू लागल्या आणि शाळांची कुलुपे निघाली की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील घराघरांत एक विषय हटकून निघतो. मूल आठवी-नववीत गेलेले असते, हायस्कूल गावापासून पाच-सात किलोमीटर दूर असते, आर. टी. सी.ची बस दिवसातून दोनदा येते आणि तीही शाळेच्या वेळेला नव्हे. तेव्हा सायकल घेणे भागच पडते. मग प्रश्न उभा राहतो तो असा, की साधी काळी सायकल घ्यावी, की गिअरची आणि जाड टायरांची, जिला दुकानदार 'डोंगरी सायकल' म्हणून पुढे करतो ती घ्यावी? पालक आमच्याकडे येऊन पुसतात, कारण मुख्याध्यापकाला सर्व विषयांतले कळते असा आपल्या लोकांचा एक जुना आणि गोड समज आहे. आमचा विषय मराठी, यंत्रशास्त्र नव्हे. पण सायकलीचे शास्त्र हे त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही, आणि त्रैराशिक तर आम्ही बाळपणी छडीच्या धाकाने शिकलो आहोत. म्हणून या महिन्याचे हे पान आम्ही या विषयाला देत आहोत.

आधी भूमीचा विचार. नकाशावर आमचा जिल्हा पाहिला तर उत्तरेस पैनगंगा, तिच्या काठाने बेला-जैनथकडची काळी, कापसाची सपाट जमीन, आणि दक्षिणेस व पूर्वेस सातमाळा रांगेचे सागवानी डोंगर. निर्मळकडून आदिलाबादेस जुन्या रस्त्याने येणाऱ्याला महबूब घाटाची वळणे चढावी लागत. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि तो घाट निर्मळ जिल्ह्यात गेला. पण उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली या बाजूचे उंचसखल मुलूख आमच्याकडेच राहिले. नेरडीगोंडा मंडलातील कुंटाला येथे कडेम नदी सुमारे ४५ मीटर खाली झेप घेते. नदीला उतरावयास एक उडी पुरते. आमच्या मुलांना मात्र तेवढीच उंची रोज सकाळी दप्तरासह चढावी लागते, आणि तीही उपाशीपोटी नसली तरी अर्धपोटी.

मोठ्या रस्त्यांचा चढ बांधकाम खाते मर्यादेत ठेवते; डोंगराळ भागातही तो सामान्यतः शंभर मीटरांत पाच-सहा मीटरांवर जाऊ देत नाहीत. पाड्यावरच्या वाटेला असा कोणताही नियम नाही. ती बैलाच्या पायाने आखलेली असते, आणि बैल सायकलीचा विचार करीत नाही.

आता हिशेब मांडू. नववीतील एक मूल घ्या. त्याचे वजन ४५ किलो, सायकलीचे १८ आणि दप्तर-डब्याचे ७. एकूण ७० किलो. चढ शंभरात सहा. टायर, बेअरिंगे आणि रस्ता यांचा अडथळा शंभरात एक धरा. म्हणजे या साऱ्या ओझ्याला वर ओढावयास शंभरात सात, अर्थात ४.९ किलोचा जोर सतत लागतो. हा जोर फार नाही. लहान पोरही पाच किलोची पिशवी ओढते. पण हा जोर चाकाच्या कडेवर लागावयाचा आहे आणि मूल तो लावते पायडलवर. मधल्या व्यवहारात दलाली किती जाते, हे दात्यांवर अवलंबून असते.

साध्या काळ्या सायकलीला पुढच्या चक्राला बहुधा ४४ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला, ज्याला दुकानात फ्रायव्हील म्हणतात त्याला, १८. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. तेव्हा एका फेरीत सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ही मौजच आहे. पण पायडल स्वतः एका फेरीत जेमतेम एक मीटर सात सेंटिमीटर प्रवास करते. एक मीटर ढकलून साडेपाच मीटर जावयाचे, तर जोर पाचपट हवा. ४.९ किलोचे झाले २५ किलो, आणि ही सरासरी झाली. क्रँक आडवी असताना जोर सर्वांत अधिक लागतो, तो सुमारे चाळीस किलोवर जातो. ४५ किलोचे मूल सीटवरून उठून उभे राहते, आपले जवळजवळ सारे वजन एकेका पायावर टाकते, आणि तरीही चढ सहाचा सात झाला की थांबते. आठचा झाला तर त्याच्या वजनाने पायडल खाली जाणारच नाही. मग ते कितीही शूर असो.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. चढणीवर उतरून सायकल हाताने ढकलणाऱ्या मुलाला आपण 'दम नाही', 'दूध पीत नाही' असे सहज बोलून जातो. त्याच्या अंगात दम असतो. सायकलीच्या दात्यांत त्याच्यासाठी जागा नसते.

डोंगरी सायकलीत काय वेगळे घडते? पुढे तीन चक्रे असतात, त्यांतले सर्वांत लहान बहुधा २४ दात्यांचे. मागे सात चक्रे असतात, त्यांतले सर्वांत मोठे २८ दात्यांचे. ही जोडी लावली की पायडलची एक फेरी झाली तरी चाक पुरी एक फेरीही घेत नाही. २६ इंची चाकावर सायकल एका फेरीत पावणेदोन मीटर जाते. तेच मूल, तोच चढ, तेच दप्तर. पण पायाला सरासरी आठ किलोचा जोर पुरतो. पंचवीसचे आठ! ते मूल सीटवर बसून, शेजारच्या मैत्रिणीशी बोलत बोलत चढ चढेल.

यात जादू नाही आणि फुकटही काही नाही. कुंटाल्याच्या धबधब्याएवढी, म्हणजे ४५ मीटरांची उंची शंभरात सहाच्या चढाने गाठावयाची तर वाट ७५० मीटरांची होते. साध्या सायकलीवर त्यासाठी पायडलच्या सुमारे १३८ फेऱ्या लागतात, डोंगरी सायकलीवर सुमारे ४२६. काम तेवढेच. देणे एकरकमी द्यावयाचे की हप्त्यांनी, एवढाच काय तो फरक. आणि ज्याची मिळकत थोडी त्याला हप्ते किती उपयोगी पडतात, हे संसारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. वेगही फार जात नाही. मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या या गतीने तासाला पाच ते सहा किलोमीटर होतात. सायकल ढकलीत चालण्यापेक्षा हे निश्चित बरे. उलट साध्या सायकलीवर हळू जाताच येत नाही. फेऱ्या फार मंदावल्या की पायडल अगदी वर-खाली उभी असताना अडते, तोल जातो आणि मूल दप्तरासह आडवे होते.

यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो. गिअर किती, हे विचारू नका. दाते किती, हे विचारा. दुकानात सात गिअरची म्हणून मिळणाऱ्या कित्येक सायकलींना पुढे एकच चक्र असते आणि तेही चाळीसच्या आसपास दात्यांचे. मागे २८ दाते असले तरी तिची सर्वांत हलकी जोडी एका फेरीत तीन मीटरांच्या जवळ जाते. चढणीवर तिला साडेतेरा किलो जोर हवा. ती साधीपेक्षा बरी, पण एकवीस गिअरवालीच्या पासंगास पुरत नाही. याउलट आजकालच्या महागड्या डोंगरी सायकलींना पुढे एकच चक्र असते, परंतु ते तीस-बत्तीस दात्यांचे असून मागचे सर्वांत मोठे पन्नासच्या घरात असते. तिथे एक चक्र पुरे होते. संख्येला भुलू नये, गुणोत्तर पाहावे.

दाते मोजावयाचा कंटाळा असेल तर त्याहून सोपी परीक्षा आहे. दुकानदाराला सायकल सर्वांत हलक्या गिअरवर लावण्यास सांगावे, मागचे चाक उचलून धरावे, टायरावरील व्हॉल्व्ह कोठे आहे ते पाहून पायडल हाताने एक फेरी फिरवावे. चाक एक फेरी किंवा त्याहून कमी फिरले तर ती सायकल आमच्या डोंगरांत चालेल. दीड फेरी फिरले तर जपून. दोन-अडीच फिरले तर ती सपाट मुलखातल्या वाचकांनी घ्यावी. तंजावरच्या आमच्या बांधवांना तिच्यावर काहीच अडचण येणार नाही.

गिअर बदलून चढणे हे कमीपणाचे, असा समज पूर्वी युरोपातही होता. फ्रान्समधील सेंत एतिएन या डोंगराळ गावचे पॉल द विव्ही (१८५३–१९३०) हे गृहस्थ 'वेलोसिओ' या नावाने सायकलीविषयीचे मासिक चालवीत आणि गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत. १९०२ साली तेथील टूरिंग क्लबाने डोंगरी वाटेवर एक चाचणी घेतली. तीत मार्त हेस नावाच्या एका स्त्रीने तीन गिअरच्या सायकलीवर बसून, पाय जमिनीला न लावता सारी वाट पुरी केली आणि एका गिअरवर चालविणाऱ्या नामांकित शर्यतपटूला मागे टाकले. तरीही 'टूर द फ्रान्स' या प्रख्यात शर्यतीचे चालक हे सुधारणेला दाद देईनात. गिअर हे उतारवयातल्यांसाठी, असे त्यांचे मत. त्या शर्यतीत चेन बदलणाऱ्या गिअरांना मोकळीक मिळावयास १९३७ साल उजाडावे लागले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगरावरून काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली भरधाव खाली सोडू लागले; खाली येणे सोपे, पण परत वर जाणे कठीण, म्हणून त्यांनी त्यांना गिअर जोडले. आज आपण जिला डोंगरी सायकल म्हणतो तिचा जन्म असा चढणीच्या गरजेतून झाला. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात. तो राजाही गिअर बदलतच सिंहासनावर बसतो. मग आमच्या नववीतल्या मुलींनीच का जुन्या ताठ्याने पायी चालावे?

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आरंभिली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींच्या संख्येत ३२ टक्क्यांची वाढ दिसून आली. एवढ्या थोड्या खर्चात एवढे फळ क्वचितच मिळते. परंतु बिहारचा बहुतेक मुलूख गंगेचे मैदान आहे. तेथे ४४ आणि १८ दात्यांनी जे साधले, ते उटनूरच्या उंचवट्यावर त्याच दात्यांनी साधेल असे नाही. शिक्षणाच्या हक्काचा कायदाही वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच हात धरतो. नववी-दहावीचे मूल त्याच्या छायेबाहेर पडते, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा दूर जाते. गळती होते ती या वळणावर.

आमच्याच शाळेतील एक उदाहरण देतो. नाव देण्याचे कारण नाही. सहा किलोमीटरांवरच्या एका पाड्यावरून नववीत आलेली मुलगी. येताना उतरण, म्हणून सकाळी वेळेवर. परतताना शेवटचे दीड किलोमीटर चढण. सायकल साधी, थोरल्या भावाची. पावसाळा संपून दिवस लहान झाले तसा घरी पोहोचावयास अंधार पडू लागला. बापाने सांगून टाकले, की दिवाळीनंतर पाठविणार नाही. त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते. तिन्हीसांजेला जंगलातून सायकल ढकलीत येणाऱ्या लेकीची काळजी कोणत्या बापाला वाटणार नाही? नवी सायकल घेण्याची ऐपत नव्हती. आमच्या गावच्या सायकल मिस्त्रीने तोड काढली. १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून त्याने २२ दात्यांचे बसविले आणि त्यासाठी चेनीत एक कडी वाढविली. खर्च एका दिवसाच्या मजुरीहून कमी. पंचवीस किलोच्या जागी वीस किलो. गणितात एवढाच फरक. पण जेथे ती उतरत होती त्यांतली बरीचशी चढण ती आता बसून काढू लागली, अगदी उभ्या तुकड्यावर तेवढी उतरे, आणि उजेडी घरी पोहोचू लागली. सपाटीवर तिची सायकल इतरांपेक्षा थोडी संथ झाली, याची तक्रार तिने कधी केली नाही. ती दहावी झाली, एवढे सांगून हा विषय पुरा करतो. ज्यांना डोंगरी सायकल परवडत नाही त्यांनी हा चार दात्यांचा उपाय अवश्य ध्यानी धरावा.

आता टायरांकडे वळू. मुलांना जाड, मोठमोठ्या गाठींची टायरे आवडतात; ती मोटारसायकलीसारखी दिसतात. पण डांबरी रस्त्यावर प्रत्येक गाठ दबते आणि उठते, घूं घूं असा आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे मुलाच्या पायांची वाया जाणारी मेहनत असते. चार इंची टायरांची सायकल तर चढणीवर ओझेच. उलट फार अरुंद टायर मुरमात रुतते आणि दगडावर रिमला धक्का बसवते. आमच्याकडे एकाच वाटेत डांबर, मुरूम आणि दगड असे तिन्ही भेटतात. अशा वाटेला पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे, मधोमध जवळजवळ सलग पट्टा आणि दोन्ही कडांना गाठी असलेले टायर उत्तम. डांबरावर मधला पट्टा धावतो, मुरमात कडा पकड घेतात. वाट बहुतांशी कच्ची असेल तर निदान मागच्या चाकाला गाठींचे टायर घालावे, कारण चढणीवर घसरते ते मागचे चाक.

काळ्या मातीची गोष्ट निराळी. बेला-जैनथच्या रानात पहिल्या पावसानंतर जी चिकण माती चाकाला धरते, तिच्यापुढे कोणतेही टायर टिकत नाही. ती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये गच्च बसते आणि चाक फिरावयाचेच थांबते. येथे दाट गाठींपेक्षा विरळ गाठी बऱ्या, त्यांतून माती निसटते. मडगार्ड आणि टायर यांत दोन बोटे जागा असावी, नसल्यास पावसाळ्यापुरते मडगार्ड काढावे. एवढे करूनही चिखल जिंकलाच तर सायकल खांद्यावर घ्यावी. तिला आपण रोज वाहावयास लावतो, एखादे दिवशी आपण तिला वाहिले तर बिघडत नाही.

हवेविषयी आमच्याकडे एकच मत आहे, ते म्हणजे दगडासारखी टणक भरावी. डांबरावर ते बव्हंशी खरे आहे. परंतु मुरमाच्या चढणीवर टणक टायर खड्यांवर उडते आणि घसरते. थोडे मऊ टायर खड्याला कवेत घेऊन पुढे जाते. दोन इंची टायरावर ४५ किलोच्या मुलासाठी डांबरावर चाळीस-पंचेचाळीस पौंड आणि मुरमावर तीस-पस्तीस पौंड हवा साधारण योग्य. त्याहून उतरविली तर दगडावर रिम ट्यूबला चिमटा काढते आणि सापाने डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढताना अशी जोडभोके दिसली तर काट्याला दोष देऊ नये, हवा कमी होती असे समजावे. एकच भोक असेल तर मात्र बहुधा बाभळीचा काटा. तो टायरात आतून बोट फिरवून शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. हवेची कमाल मर्यादा टायराच्या कडेवर छापलेली असते, ती ओलांडू नये.

टायर बदलताना एक फसगत वारंवार होते. '२६ इंची' असे दोन्हींवर लिहिलेले असूनही एक टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. डोंगरी सायकलीच्या २६ इंची टायरावर ५५९ असा आकडा असतो, तर साध्या २६ इंची, एक तीन-अष्टमांश रुंदीच्या टायरावर ५९०. हा आकडा रिमच्या बैठकीचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. इंच विसरून हा तीन आकडी अंक लिहून न्यावा, म्हणजे बाजारात दुसरी खेप पडणार नाही.

चालविण्याची रीतही थोडक्यात सांगतो. चढण सुरू झाल्यावर नव्हे, सुरू होण्याच्या दहा हात आधी गिअर हलका करावा. जोर लावलेला असताना चेन सरकत नाही, करकरते आणि कधी तुटते. पुढचे सर्वांत लहान आणि मागचेही सर्वांत लहान चक्र, किंवा दोन्ही सर्वांत मोठी, अशी जोडी लावू नये; चेन तिरपी होऊन झिजते. सुट्या मुरमावर उभे राहू नये, बसून थोडे पुढे झुकावे, म्हणजे मागच्या चाकावर वजन राहते आणि पुढचे चाकही उचलत नाही. सीट इतकी उंच असावी की टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ होईल. 'पुढे वाढेल' म्हणून मोठी घेतलेली सायकल आणि 'पडेल' म्हणून खाली केलेली सीट, या दोन्हींनी गुडघे दुखतात. पुढे-मागे स्प्रिंगा बसविलेल्या स्वस्त सायकली टाळाव्या. त्या वजनाला जड, आणि पायडलवर दिलेल्या जोरातला काही भाग त्या स्प्रिंगाच खातात.

आणि जी वाट चढते ती परतताना उतरतेही. पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेकची पकड फार कमी होते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ती बरी राहते. म्हणून चढणीसाठी गिअरांवर खर्च करणाऱ्याने ब्रेकच्या रबरांवर काटकसर करू नये. तो स्वतंत्र विषय आहे. त्याविषयी पुन्हा कधी.

तूर्त पालकांना एवढीच विनंती, की दुकानात जाण्यापूर्वी एका रविवारी मुलासह त्याच्या शाळेची वाट पायी चालून यावी. डांबर कोठे संपते, मुरूम कोठे लागतो, चढ कोठे उभा होतो, हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच पैसे बाहेर काढावे. सायकलीचा रंग मुलाने निवडावा. दाते आणि टायर त्या वाटेला विचारून निवडावे.